वॉर फाइलच्या आत काय असावं: एका जावा वेब ॲप्लिकेशनच्या फेररचनेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे ॲप्लिकेशन एका संस्थेच्या अंतर्गत कामासाठी होतं. सभासद अर्ज भरायचे, सोबत कागदपत्रं जोडायचे, अर्ज दोन पातळ्यांवर मंजूर व्हायचा, शुल्काची नोंद व्हायची आणि महिनाअखेर अहवाल निघायचे. जावा ८ मधले सर्व्हलेट (ब्राउझरच्या विनंत्या हाताळणारे क्लास), जेएसपी (एचटीएमएलमध्ये जावा मिसळून लिहिलेली पानं), ते चालवणारा टॉमकॅट ९ हा सर्व्हर आणि मागे एक रिलेशनल डेटाबेस. अशा ॲप्लिकेशनच्या सगळ्या फाइल्स वॉर नावाच्या एकाच फाइलमध्ये बांधून सर्व्हरवर चढवतात. संस्थेची ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

प्रोजेक्टची सुरुवात एका प्रोग्रामरने एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या साधनात (आयडीईमध्ये) 'डायनॅमिक वेब प्रोजेक्ट' उघडून केली होती. त्यातून तेव्हा मिळणारी रचना साधी होती. जावा फाइल्ससाठी एसआरसी, बाकी सगळ्यासाठी वेबकंटेंट, त्याच्या आत वेब-आयएनएफ आणि त्याच्याही आत बाहेरच्या लायब्ररींसाठी लिब. एक माणूस आणि मोजके स्क्रीन असेपर्यंत एवढं पुरलं. पुढे टीम वाढली, स्क्रीन वाढले, पण नवी फाइल कुठे ठेवायची हे कुणी कधी ठरवलं नाही. आधीची फाइल जिथे दिसली, तिच्या शेजारी प्रत्येकाने आपली ठेवली. वेबकंटेंटमध्ये वरच्याच पातळीवर जेएसपींची लांबलचक रांग लागली. 'नवीन', 'जुना', 'फायनल' अशी शेपटं लावलेल्या फाइल्स, बदलांचा इतिहास ठेवणारा गिट असूनही, तिथेच पडून होत्या. जावाच्या बाजूला कंट्रोलर (विनंत्या हाताळणारे), डीएओ (डेटाबेसशी बोलणारे), मॉडेल (माहिती धरून ठेवणारे) आणि युटिल (किरकोळ मदतीचे) अशी क्लासची चार पॅकेजेस होती आणि त्यात युटिल सगळ्यांत फुगलेलं.

वॉर फाइल एकाच मशीनवरून एक्लिप्सच्या एक्सपोर्टने निघायची. खरं तर बहुतेक वेळा ती निघायचीच नाही. बदललेल्या क्लास आणि जेएसपी फाइल्स सर्व्हरवरच्या उघडलेल्या फोल्डरात थेट कॉपी व्हायच्या. पुढे जे घडलं त्याच्या मुळाशी ही सवय होती.

अडचण

नव्याने आलेल्या एका सहकाऱ्याने एक दुरुस्ती रीतसर चढवली. पूर्ण वॉर बनवली आणि टॉमकॅटच्या वेबॲप्स फोल्डरात ठेवली. टॉमकॅटला वॉर बदललेली दिसली. त्याने जुनं उघडलेलं फोल्डर पुसलं आणि नवी वॉर तिथे उघडली. टॉमकॅटने असंच वागणं अपेक्षित आहे. पण पुसलेल्या त्या फोल्डरात 'अपलोड्स' नावाचं एक उपफोल्डर होतं आणि सभासदांनी जोडलेली सगळी कागदपत्रं त्यात होती.

अपलोडचा कोड गेटरिअलपाथ ही, डिस्कवरचा पत्ता देणारी, मेथड वापरून ॲप्लिकेशनच्याच फोल्डरात फाइल लिहायचा. ही मेथड वॉर उघडलेली असेल तरच उपयोगाची असते. वॉर न उघडता चालवली तर तिच्याकडून पत्त्याऐवजी नल, म्हणजे काहीच नाही, मिळू शकतं. आमच्याकडे वॉर उघडलेली असायची आणि ती पूर्ण बदलण्याची वेळच कधी आली नव्हती, म्हणून इतकी वर्षं काही बिघडलं नाही. आदल्या रात्रीच्या बॅकअपमधून बहुतेक कागदपत्रं परत आली. त्या दिवशी सकाळपासून आलेली मात्र गेली आणि त्या सभासदांना ती पुन्हा मागावी लागली.

त्या सहकाऱ्याने केलं ते बरोबरच होतं. बरोबर पद्धतीने काम केल्यावर डेटा जात असेल तर चूक रचनेत आहे, हे बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांनी मान्य केलं, आणि पुढचं काम त्यामुळेच शक्य झालं. माणसावर खापर फुटलं असतं तर अपलोड्सचं फोल्डर होतं तिथेच राहिलं असतं.

कारण शोधताना आणखी काही गोष्टी वर आल्या. मंजुरीच्या फॉर्मची जेएसपी वेबकंटेंटमध्ये उघड्यावर होती. लॉगिनची तपासणी सर्व्हलेटमध्ये होती, पण जेएसपीचा पत्ता ब्राउझरमध्ये थेट टाकला तर सर्व्हलेट लागायचाच नाही आणि फॉर्म लॉगिनशिवाय उघडायचा. लिबमध्ये एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या होत्या. लिबमधल्या जार (लायब्ररीच्या फाइल्स) कोणत्या क्रमाने वाचल्या जातील याची हमी नसते, त्यामुळे एक स्क्रीन डेव्हलपरच्या मशीनवर चालायचा आणि सर्व्हरवर 'नो सच मेथड एरर' देऊन पडायचा. डेटाबेसचा पासवर्ड एसआरसीमधल्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये, म्हणजे पर्यायाने गिटमध्ये होता.

वरवर पाहता या वेगवेगळ्या चुका आहेत. पण जावा वेब ॲप्लिकेशनमध्ये फाइल कुठे ठेवली यावरून तीन गोष्टी ठरतात: ब्राउझर तिच्यापर्यंत पोहोचू शकतो का, ती बिल्डमध्ये (वॉर बनवताना) जाते का, आणि पुढच्या डिप्लॉयनंतर (नवी वॉर सर्व्हरवर चढवल्यावर) ती उरते का. कागदपत्रं डिप्लॉयबरोबर नष्ट होणाऱ्या जागी होती, जेएसपी ब्राउझरच्या हाताशी होती, जार कुठून आल्या याची नोंद नव्हती. चुकलं होतं ते प्रत्येक वेळी ठिकाणच. म्हणूनच 'फोल्डर नीटनेटके करणं' हे सवड मिळाली की करायचं काम आहे, ही समजूत मला पटत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तेवढ्यापुरती डागडुजी. अपलोड्स बाहेर काढायचं, प्रत्येक विनंती आधी तपासणारा एक फिल्टर लावायचा, जादा जार काढून टाकायची आणि पुढच्या कामाला लागायचं. व्यवस्थापनाचा कल साहजिकच इकडे होता. पण वॉर एकाच मशीनवरून निघण्याचा प्रश्न त्यात तसाच राहत होता.

दुसरा पर्याय मेव्हन या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या प्रमाण रचनेवर जाण्याचा होता. एसआरसी/मेन/जावा, एसआरसी/मेन/रिसोर्सेस, एसआरसी/मेन/वेबॲप आणि चाचण्यांसाठी एसआरसी/टेस्ट. यात पॅकेजेसना हात लावायचा नव्हता.

तिसऱ्यात मेव्हनबरोबर पॅकेजेसची फेरमांडणीही होती.

चौथा पर्याय स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये नव्याने लिहिण्याचा. टीममधल्या दोघांना तो मनापासून हवा होता आणि त्यांचे मुद्दे पोकळ नव्हते. मात्र स्प्रिंग बूटची चालवता येणारी जार बनवायची तर जेएसपीला तिथे मर्यादा आहेत आणि वेबॲप फोल्डरही वापरू नये अशी स्प्रिंग बूटचीच सूचना आहे. म्हणजे सगळे स्क्रीन दुसऱ्या टेम्प्लेटमध्ये लिहावे लागले असते. तेवढ्या काळात चालू ॲप्लिकेशनमधली उघडी जेएसपी उघडीच राहिली असती. हा पर्याय तिथेच बाजूला पडला.

चर्चेअंती दुसरा पर्याय पक्का झाला आणि तिसरा त्यानंतर, विभागवार करायचं ठरलं. दोन्ही एकत्र न करण्यामागे ठोस कारण होतं. गिट 'फाइल हलवली' अशी नोंद ठेवत नाही. दोन फाइल्सच्या मजकुरातल्या साम्यावरून तो नंतर अंदाज बांधतो आणि साम्य निम्म्याहून कमी झालं तर जुनी फाइल काढली, नवी आली असं दाखवतो. फाइल हलवणं आणि तिच्या आत बदल करणं एकाच कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या एकाच नोंदीत) केलं की इतिहासाचा धागा तुटतो. ज्या कोडबद्दल लेखी माहिती फारशी नाही, तिथे 'ही ओळ कधी आणि का आली' हे सांगणारा तो एकमेव साक्षीदार असतो.

काय केलं

अपलोड्स सगळ्यांत आधी

रचना बदलण्याआधीच हे उरकलं. कागदपत्रांसाठी सर्व्हरवर टॉमकॅटच्या बाहेर वेगळी डिरेक्टरी केली आणि तिचा पत्ता सिस्टम प्रॉपर्टीतून द्यायचं ठरवलं. सुरू होताना ॲप्लिकेशन ती डिरेक्टरी आहे का आणि तिथे लिहिता येतं का हे तपासतं. नसेल तर सुरूच होत नाही. 'निदान बाकीचं तरी चालू दे' असं एक मत होतं. पण पत्ता चुकला तर कागदपत्रं भलत्या जागी जमा होत राहतील आणि कळेल तेव्हा उशीर झालेला असेल, म्हणून सुरू न होणंच बरं असं ठरलं. माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत चांगला निर्णय.

डिस्कवर फाइलचं नाव आता ॲप्लिकेशन स्वतः बनवतं आणि सभासदाने दिलेलं नाव डेटाबेसमध्ये राहतं. त्यामुळे नावात दोन टिंबं आणि तिरकी रेघ घालून दुसऱ्या फोल्डरात घुसण्याची वाट बंद झाली. डेटाबेसमधले जुने दुवे 'अपलोड्स' ने सुरू होत होते. ते सगळे बदलण्याऐवजी त्याच पत्त्यावर एक सर्व्हलेट बसवला. तो हक्क तपासतो आणि मगच बाहेरच्या डिरेक्टरीतून फाइल देतो. पूर्वी पत्ता माहीत असलेल्या कुणालाही कागदपत्र उघडता यायचं, तेही या बदलाने थांबलं.

मेव्हनकडे

आधी चालू ब्रँच (कामाच्या वेगळ्या शाखा) मुख्य कोडमध्ये मर्ज करून घेतल्या आणि हलवण्याच्या काळात कुणी नवी ब्रँच काढायची नाही असं ठरलं. मग फक्त हलवाहलवीचे कमिट झाले, आत एक अक्षरही न बदलता.

सर्वांत किचकट काम जारचं निघालं. काहींच्या नावात आवृत्ती होती, काहींच्या नव्हती. जार उघडून मेटा-आयएनएफमधली मॅनिफेस्ट फाइल वाचली की बऱ्याच वेळा आवृत्ती कळते. उरलेल्यांसाठी एसएचए-१ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून मेव्हन सेंट्रल या लायब्ररींच्या सार्वजनिक साठ्यात शोधलं. एक जार बाहेरच्या पुरवठादाराने दिलेली होती, ती सेंट्रलमध्ये नव्हतीच. तिच्यासाठी 'सिस्टम' स्कोप (जार कुठून येते आणि कुठे लागते हे मेव्हनला सांगणारी खूण) वापरण्याची सूचना आली, पण त्या स्कोपची जार वॉरमध्ये जात नाही, म्हणून ती संस्थेच्या आतल्या रिपॉझिटरीत ठेवली. सर्व्हलेट एपीआयची जारही लिबमध्ये सापडली. ती सर्व्हर स्वतः पुरवतो, त्यामुळे तिचा स्कोप 'प्रोव्हायडेड' केला.

बिल्ड झालं, ॲप्लिकेशन चालू झालं, लॉगिन झालं. पहिलाच अहवाल मागितला आणि पडलं. अहवालांच्या क्वेरी एक्सएमएल फाइल्समध्ये, जावा क्लासच्या शेजारीच ठेवलेल्या होत्या. एक्लिप्स सोर्स फोल्डरातल्या अशा फाइल्स आपणहून क्लासेसमध्ये कॉपी करतं. मेव्हन जावा फोल्डरातून फक्त कंपाइल झालेले क्लास घेतो, बाकीच्या फाइल्सकडे पाहतही नाही आणि इशाराही देत नाही.

इथे दोन वाटा होत्या. पॉम.एक्सएमएल या मेव्हनच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये जावा फोल्डरही रिसोर्स म्हणून जाहीर करायचं, किंवा फाइल्स त्याच पॅकेजच्या नावाने रिसोर्सेस फोल्डरात न्यायच्या. पहिली वाट पाच मिनिटांची वाटते, पण रिसोर्सेसची आपली यादी लिहिली की मेव्हनची मूळ यादी रद्द होते आणि नेहमीचं रिसोर्सेस फोल्डर पुन्हा हाताने लिहावं लागतं. हे विसरलं की दुसऱ्याच फाइल्स गायब होतात. आम्ही दुसरी वाट घेतली.

या धक्क्यानंतर एका सहकाऱ्याने साधी युक्ती सुचवली. जुनी वॉर आणि नवी वॉर, दोन्हींतल्या फाइल्सची यादी काढून समोरासमोर ठेवायची. त्यात आणखी काही प्रॉपर्टीज फाइल्स राहिलेल्या सापडल्या. विंडोजवर चालणाऱ्या आणि लिनक्स सर्व्हरवर न दिसणाऱ्या, कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा घोळ असलेल्या चित्रांची नावंही तिथेच लक्षात आली.

पासवर्ड प्रॉपर्टीजमधून काढला आणि डेटा सोर्स (डेटाबेसच्या जोडणीची माहिती) सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये नेला. फाइल हलवली तरी जुना पासवर्ड गिटच्या इतिहासात राहतोच, म्हणून पासवर्डही बदलला.

जेएसपी वेब-आयएनएफच्या आत

सर्व्हलेट स्पेसिफिकेशननुसार वेब-आयएनएफमधली कोणतीही फाइल कंटेनर (म्हणजे टॉमकॅटसारखा सर्व्हर) थेट ब्राउझरला देत नाही. आतून सर्व्हलेट मात्र तिच्याकडे फॉरवर्ड करू शकतो. फिल्टर लावूनही तेच साधलं असतं असं वाटेल, पण फिल्टरची यादी कुणीतरी सांभाळावी लागते आणि नवी जेएसपी त्यातून निसटू शकते. वेब-आयएनएफमध्ये ठेवलेली निसटू शकत नाही. सर्व जेएसपी वेब-आयएनएफ/व्ह्यूज खाली विभागवार गेल्या. सीएसएस, स्क्रिप्ट आणि चित्रं बाहेर राहिली, कारण ती ब्राउझरला मिळायलाच हवीत.

यात मोडतोड खूप झाली. एका जेएसपीतून दुसऱ्या जेएसपीला थेट दिलेले दुवे तुटले. सापेक्ष पत्ते वापरलेली सीएसएस काही पानांवर लागेना. ब्राउझर सापेक्ष पत्ता पानाच्या यूआरएलवरून काढतो आणि जेएसपी सर्व्हरवर कुठल्या फोल्डरात आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. कॉन्टेक्स्ट पाथपासून, म्हणजे ॲप्लिकेशनच्या मूळ पत्त्यापासून, सुरू होणारे पत्ते सगळीकडे केल्यावर हे मिटलं. लोकांनी बुकमार्क केलेल्या जुन्या पत्त्यांसाठी रीडायरेक्ट ठेवले.

खरी भीती वेगळी होती. जेएसपी पहिल्यांदा कुणी उघडली की तेव्हा कंपाइल होते. बिल्ड हिरवं दिसत असतानाही वर्षातून एकदा लागणारा एखादा स्क्रीन आतून मोडलेला असू शकतो. म्हणून टॉमकॅटचा जॅस्पर कंपाइलर बिल्डमध्येच चालवायला सुरुवात केली. त्याने पहिल्याच फेरीत अशा जेएसपी दाखवल्या ज्या आमच्या बदलाच्या कितीतरी आधीपासून मोडलेल्या होत्या आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांतल्या बऱ्याच 'जुना' शेपटाच्या होत्या. त्या काढून टाकल्या.

पॅकेजेस

कंट्रोलर, डीएओ, मॉडेल ही थरांवर आधारलेली मांडणी. शुल्काच्या नियमात छोटा बदल करायचा तरी तीन-चार फोल्डर उघडावे लागायचे, आणि सगळे क्लास पब्लिक असल्याने अहवालाचा कोड शुल्काच्या डीएओला बिनधास्त हात घालायचा. अर्ज, मंजुरी, शुल्क, अहवाल अशी कामावर आधारलेली पॅकेजेस केली तर बरेच क्लास पॅकेजपुरते मर्यादित करता येतात आणि मर्यादा मोडली तर कंपाइलरच अडवतो. लहान, एकाच प्रकारच्या स्क्रीनच्या ॲप्लिकेशनला थरांची मांडणी पुरते. इथे चार वेगळे विषय होते आणि बदलाच्या मागण्या विषयानुसार यायच्या, म्हणून कामावर आधारलेली मांडणी निवडली.

आयडीईचं रीनेम बहुतेक ठिकाणी पोहोचतं, पण मजकुरात लिहिलेल्या क्लासच्या नावांपर्यंत पोहोचेलच असं नाही. वेब.एक्सएमएल, जेएसपीतले यूज-बीन टॅग, क्लास.फॉरनेम, लॉगिंगचं कॉन्फिगरेशन अशी ठिकाणं जुन्या पॅकेजचं नाव शोधून हाताने तपासली. आणखी एक ठिकाण होतं. टॉमकॅट बंद होताना सेशन (लॉगिन केलेल्यांची चालू माहिती) डिस्कवर लिहून ठेवतो आणि सुरू होताना वाचतो. त्यात जुन्या नावाचे क्लास असतील तर ती सेशन परत येत नाहीत. म्हणून हे बदल कामाच्या वेळेबाहेर चढवले आणि लोकांना पुन्हा लॉगिन करावं लागेल असं आधी कळवलं.

उरला युटिल. तो मोडून 'सामाईक' पॅकेज करायचं होतं आणि इथे सर्वांत जास्त वाद झाला. 'दोन विभागांना लागतं ते सामाईक' हा नियम काहींना पुरेसा वाटत होता. पण या नियमाने सामाईक पुन्हा युटिल झालं असतं. अखेर ठरलं ते असं: ज्या क्लासला अर्ज, शुल्क, मंजुरी या गोष्टींची काहीच माहिती नाही तोच सामाईकमध्ये. तारखेची मांडणी जाईल, शुल्काची सवलत जाणार नाही, मग ती तीन ठिकाणी का लागेना.

परिणाम

कुणाच्याही मशीनवरून एका आज्ञेत तीच वॉर निघू लागली आणि सर्व्हरवर सुट्या फाइल्स कॉपी करणं बंद झालं. त्यानंतर पूर्ण वॉर चढवून एकही कागदपत्र गेलं नाही. लायब्ररीची दुहेरी आवृत्ती आता मेव्हनची डिपेंडन्सी ट्री (कोणती लायब्ररी कुणामुळे आली याची यादी) पाहून सापडते.

सगळंच सुधारलं असं नाही. अहवाल बनवणारा सर्वांत मोठा क्लास तसाच आहे, फक्त नव्या पत्त्यावर. जेएसपींमधला जावा कोडही तसाच आहे. फोल्डर बदलून हे सुटणार नव्हतंच, पण काही जणांची तशी अपेक्षा होती आणि त्यांची निराशा झाली.

वेगळं काय करता आलं असतं

दोन वॉरच्या याद्या जुळवणं बदलाच्या पहिल्या दिवसापासून बिल्डमध्ये हवं होतं. अहवाल पडल्यावर ते सुचलं. आधी असतं तर ती पडझड झालीच नसती.

ब्रँच बंद ठेवण्याचा काळ ठरल्यापेक्षा लांबला, कारण जारची ओळख पटवणं त्याच काळात चाललं होतं. या कामासाठी फाइल्स हलवायची गरज नसते. जुन्या रचनेतच पॉम.एक्सएमएल लिहून, सोर्स आणि वेबकंटेंटचे जुने पत्ते त्यात देऊन बिल्ड चालवता येतं. अवलंबित्वं (लागणाऱ्या लायब्ररी) आधी स्थिर करायची आणि मग फाइल्स हलवायच्या, असा क्रम असता तर बाकीच्यांचं काम कमी अडलं असतं.

चाचण्यांबाबत मतभेद अजून आहेत. एसआरसी/टेस्ट तयार झालं, पण बराच काळ जवळजवळ रिकामं राहिलं. आधी प्रत्येक स्क्रीन उघडून बघणाऱ्या चाचण्या लिहाव्यात आणि मगच काही हलवावं, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं. उघडी जेएसपी आणि कागदपत्रं थांबू शकत नव्हती, म्हणून तेव्हा ते मानलं नाही. अपलोड्स आणि जेएसपीपुरता तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. पॅकेजेसच्या बाबतीत मात्र त्याचं ऐकायला हवं होतं. तिथे घाई नव्हती आणि हाताने शोधलेली क्लासची नावं चाचण्यांनी जास्त खात्रीने सापडली असती.

पुढचा टप्पा टॉमकॅट १० चा आहे. तिथे जावॅक्सऐवजी जकार्ता ही पॅकेज-नावं लागतात, म्हणजे आयात केलेली नावं पुन्हा एकदा सगळीकडे बदलतील. पुरवठादाराच्या त्या जारमध्ये जुनीच नावं आहेत. तिच्यासाठी टॉमकॅटचं स्थलांतराचं साधन वापरायचं की पुरवठादाराकडून नवी आवृत्ती मागायची, हे ठरायचं आहे. स्क्रीन उघडणाऱ्या चाचण्या मात्र या वेळी आधी लिहून होत आहेत आणि नावं बदलायला सुरुवात त्यानंतरच होईल.